पंचवीस पट्ट्यांचा मोर

मी त्यांचा भाडेकरू होतो आणि ते मला ‘मालक’ म्हणायचे. तसं सोलापुरात कुणीही कुणालाही मालक म्हणतं. रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला म्हणतं. पण घराचा खरा मालक सकाळी सहाला जिन्यात उभा राहून, “मालक, पाणी आलंय, घागर लावा. आता पुन्हा चार दिवसांनी,” अशी हाक मारायचा तेव्हा मला उगाच जबाबदार झाल्यासारखं वाटायचं.

मी त्यांना मामा म्हणायचो. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत त्यांचं घर होतं. खाली ते आणि मामी, वरच्या खोलीत मी. बायको-मुलं जेऊरला, आठवड्यातून एकदा रेल्वेनं मी तिकडं. बाकीचे सहा दिवस नवी पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात काउंटरवर उभा. दुकानाचं नाव सांगत नाही. शेठ आता नाहीत आणि दुकानही नाही, पण सवय गेलेली नाही. मी एकूणच कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, आणि मी तो समज कधी मोडला नाही. आज मोडतो.

मामांच्या घरात आपसात तेलुगू चालायची आणि माझ्याशी मराठी. त्यांच्या तेलुगूतला एकच शब्द मला पक्का आला, कारण तो दिवसातून चाळीस वेळा ऐकू यायचा: वद्दु. म्हणजे नको. भाजीवाली आली की वद्दु. मुलीनं पुण्याहून शर्ट पाठवला की आधी वद्दु, मग उलटा करून शिवण बघणार, मग दोन दिवसांनी अंगात. मामी उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं, हातात कात्री. त्या नुसत्या बघायच्या आणि मामांच्या प्रत्येक वद्दुला कात्री सुपाच्या काठावर टक् करून आपटायच्या. बहुतेक मोजत असाव्यात.

मामांचा धंदा कार्ड कापायचा. सोलापुरी चादरीवर मोर असतो, कोयरी असते, ती मागावर आपोआप उमटत नाही. आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची, मग जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना त्या चौकटीबरहुकूम भोकं पाडायची, आणि अशा शेकडो पट्ट्या दोरीनं ओवून मागावर टांगायच्या. जिथं भोक, तिथं धागा उचलतो. त्या भोकं पाडायच्या यंत्राला म्हणतात पियानो मशीन. थट्टा नाही, खरंच म्हणतात. बोटांखाली पट्ट्या, पायाखाली पायटा. पट्ट्या दाबायच्या, पाय मारायचा, खट्ट. मामांनी पस्तीस वर्षं तो पियानो वाजवला आणि त्यातून ‘खट्ट’ याखेरीज सूर निघाला नाही.

त्या पस्तीस वर्षांत त्यांची नजर अशी झाली होती की माणूस आधी दिसायचा नाही, कापड दिसायचं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत सगळे माना खाली घालून चाललेले. मामा माझ्या कानाशी आले, “मालक, वरच्या चादरीत एक तार तुटलीय. तिसऱ्या फुलात.” मी म्हटलं, मामा, आत्ता? तर म्हणाले, “आत्ताच की. परत कवा दिसणार?” आणि खरोखर पुढे जाऊन त्यांनी ती चादर अशी दुमडली की तिसरं फूल आत गेलं. म्हाताऱ्याचा मुलगा रडत रडत त्यांच्या पाया पडला. त्याला वाटलं, काही विधी आहे.

मग कारखान्यात नवे माग आले. डिझाइन पेन ड्राइव्हवर जायला लागलं आणि मामा घरी आले. मोराची कार्डं तेवढी मागून आणली, एकशे बारा, दोरीसकट, आणि जिन्याच्या भिंतीला टांगली. वर जाताना रोज ती माझ्या खांद्याला लागायची.

बाप घरात बसून आईच्या विड्या मोजतो, आईला ते सहन होत नाही, म्हणून मुलीनं आपला जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात गाणी तयार करायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. एका संध्याकाळी मामा धापा टाकत जिना चढून आले. मला वाटलं, मामींना काही झालं.

“मालक! ग्राफ!”

“कसला ग्राफ?”

“आतमधी ग्राफ हाय! चौकटी! चौकटीत ठिपका लावला की वाजतंय!”

खाली जाऊन बघतो तर पडद्यावर आडव्या ओळी, उभ्या रेघा, आणि मामांनी माउसनं एकेक ठिपका लावत मोराची चोच काढलेली. बटण दाबलं. चोच वाजली. टुण् टुण् टिण्. मामींची कात्री हवेत थांबली.

“आता अख्खा मोर वाजवायचा,” मामा म्हणाले. “पण ह्या उंदरानं न्हाय. एकेक ठिपका लावायला मी काय उवा मारतोय व्हय? मला पट्ट्या पायजेत. बोटाला सवय हाय.”

म्हणजे त्यांना हवा होता मिडी कीबोर्ड. आणि स्वस्तातला. आणि मी काउंटरवर. इथपासून चार महिने माझा काउंटर माझा राहिला नाही.

रोज चारला यायचे. कापडी पिशवीत डबा, चष्मा आणि एक धोटा. धोटा म्हणजे मागावर बाणा, आडवा धागा, घेऊन इकडून तिकडं पळतो ते लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो ते कीबोर्डावर आडवा ठेवायचे. धोट्याच्या वजनानं पट्ट्या खाली गेल्या तर कीबोर्ड नापास. “बोट ठेवायच्या आधी दबत्यात. लाचार हायत. वद्दु.” शेठ गल्ल्यावरून बघत राहायचे आणि माझ्याकडं बघून श्वास सोडायचे.

मी माझ्या परीनं सल्ला दिला. एकसष्ट पट्ट्यांचा घ्या, दोन्ही हात मोकळे चालतात. म्हणाले, “चालून कुटं जायचंय?” एकोणपन्नासचा दाखवला, तर टेबल मोजून आले, मामींचं सूप कुठं ठेवायचं विचारलं. एकावर बरेच नॉब होते. एकेक फिरवून बघितला. “हे फिरवलं की पाणी येतंय का?” नाही म्हटलं. “मग घरात एक नळ हाय तसला. वद्दु.” रबरी चौकोन होते, ढोल-तबल्यासाठी, ते अंगठ्यानं दाबून बघितले आणि म्हणाले, लहान पोरांच्या चपलेचा वास येतोय. एकात पट्टी हळू दाबली तर सूर हळू आणि जोरात दाबली तर जोरात, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यावर ते चिडलेच. “भोकाला हळू-जोरात असतंय व्हय? भोक हाय, न्हायतर न्हाय.” पण दोन दिवसांनी परत आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, “ते हळू-जोरातवालं असू दे. पिसाला लागंल.”

त्यांचं म्हणणं एकच होतं: पट्ट्या पंचवीस पाहिजेत. कमी नाही, जास्त नाही. कारण मोर पंचवीस घरांत बसतो. एक घर, एक पट्टी. एक कार्ड, एक ठोका. “सव्विसावी पट्टी घेतली तर ती नुसती बसून ऱ्हाणार. बसलेलं माणूस घरात एक हाय ते बास हाय,” असं मामी म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, “माझ्या कट्ट्यात बी पंचवीसच विड्या. घ्या पंचवीसचा.”

एक मात्र सांगितलं पाहिजे. वाद्यांच्या दुकानात बारा वर्षं उभा असून मिडी म्हणजे काय ते मला मामांनी शिकवलं. दुधनीचे एक गृहस्थ भजनी मंडळासाठी असला कीबोर्ड घेऊन गेले होते. मीच दिला होता, सगळ्यात स्वस्त म्हणून. तिसऱ्या दिवशी तो काखेत मारून परत आले.

“आवाज कुटं हाय ओ ह्याचा? अख्ख्या मंडळासमोर वाजवाय बसलो. टाळ थांबले, मृदंग थांबला, सगळी माझ्याकडं बघायली. म्हातारं एक म्हणतंय, देवानं कान नेले की काय माझे!”

मी कीबोर्ड उलटा करून बघितला. मला खरंच सांगता येईना. मामा स्टुलावरून उठले, पिशवीतनं मोराचं एक जास्तीचं कापलेलं कार्ड काढलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

“पावणं, ह्यात मोर दिसतोय का?”

“न्हाय. भोकं हायत.”

“मोर मागावर निघतो. ह्यात नुसतं सांगणं हाय, कुठली तार उचलायची ते. तसं ह्या पेटीत आवाज न्हाय. ही सांगती. वाजवणारा तो डबा.” आणि शेठच्या कॉम्प्युटरकडं बोट.

दुधनीचे गृहस्थ बराच वेळ भोकातून कॉम्प्युटरकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मग आमाला डबाच द्या की.”

त्यांनी शेवटी पेटी नेली, हवेची. पण ते कार्ड मी मामांकडून मागून घेतलं आणि काउंटरवर ठेवलं. मिडी विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच दाखवायचो. लोक म्हणायचे, किती छान समजावून सांगता. मी मान हलवायचो.

आता सज्जनपणाचा समज मोडायचा होता, ते सांगतो.

चार महिन्यांनी एक कीबोर्ड पास झाला. पंचवीस पट्ट्या, नॉब नाहीत, धोटा ठेवला तरी ताठ. त्या मॉडेलचा एकच नग उरला होता, वरच्या फळीवर. मामा म्हणाले, उद्या अमावास्या, परवा नेतो. परवा सकाळी मी विचार केला, पुसूनबिसून ठेवू. कुणी सांगितलं नव्हतं. स्टुलावर चढलो, नग हातात घेतला, आणि तो माझ्या हातून फरशीवर पडला.

बाहेरून काही नाही, एक ओरखडासुद्धा नाही. कॉम्प्युटरला लावला, एकेक पट्टी दाबत गेलो. सतरा ठीक. अठरावी खाली गेली, वर आली, पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. एकोणिसावीपासून पुढे सगळं ठीक.

शेठची एक पद्धत होती. दुकानात जे मोडेल त्यावर मोडणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि काउंटरमागच्या काचेच्या कपाटात ठेवायचं, गिऱ्हाइकांना दिसेल असं. ओरडायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, “म्युझियम आहे आमचं.” त्या कपाटात माझ्या नावाच्या दोन चिठ्ठ्या आधीच होत्या. एक बासरीवर, जिच्यावर मी बसलो होतो. दुसरी डग्ग्यावर, ज्यावर मी गरम किटली ठेवली होती. जेऊरहून एकदा मुलगा दुकानात आला होता. त्यानं दोन्ही चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या होत्या.

तिसरी मला नको होती. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

मी तो नग खोक्यात घातला आणि वरून टेप लावली. अकराला मामा आले, नवा शर्ट घालून. सोबत धोटा नव्हता. मी म्हटलं, मामा, लावून बघायचाय का? माझा आवाज कसा निघाला असेल देव जाणे. मामा म्हणाले, “तुमी बघून ठेवलाय न्हवं? मग काय बघायचंय!” चार महिने दुकानातल्या प्रत्येक पट्टीवर संशय घेणारा माणूस खोकं छातीशी धरून निघून गेला. दारात थांबून शेठना म्हणाला, “शेठ, तुमचा माणूस लई बारीक बघतोय हां.”

शेठनं त्या दिवशी मला चहा पाजला.

त्या संध्याकाळी मी वर खोलीत बसून खालच्या आवाजाची वाट बघत होतो. आता बोलावतील, मग बोलावतील. कुणी बोलावलं नाही. चारेक दिवसांनी मोर वाजायला लागला. आधी पाय, मग पोट, मग मान. मामा आठवड्याला आठ-दहा कार्डं बसवायचे. मोर बरा होता, खरं सांगायचं तर बराच चांगला होता. मधूनच असा वळायचा की हातातला घास थांबायचा. आणि दीडेक महिन्यानं ते डोळ्यापाशी आले.

डोळ्याच्या ओळीत एकच भोक असतं. रोज जिन्यात ते कार्ड माझ्या खांद्याला लागायचं, त्यामुळे मला माहीत होतं. मी मोजलंही होतं. अठरावं घर. अख्ख्या मोरात त्या घरात भोक तेवढं एकच.

टिण् टिण् टुण् टुण्, आणि मग एक ठोका काहीच नाही. मग पुढे तुरा.

रोज संध्याकाळी सातला मोर वाजायचा आणि रोज त्या एका ठोक्यापाशी मी श्वास धरून बसायचो. भाजी करपायची. कानात बोटं घालून बघितली, तर ठोका आतच पडायला लागला. महिन्याभरानं मी खोली सोडली. मामांना म्हणालो, ऊन फार लागतं हो वरच्या खोलीत. सोलापुरात उन्हाचं कारण सांगून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला राहायला जाणारा मी पहिलाच असेन. मामांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाले, “तिकडं सावली हाय व्हय? बरं बरं.” मामींनी शेंगाचटणीची बरणी दिली.

सहा वर्षं गेलो नाही. दुकान बंद झालं, मी दुसरीकडं हिशेबनीस म्हणून लागलो. रस्त्यात मामा दिसले की गल्ली बदलायचो. मग मागच्या उन्हाळ्यात फोन आला.

“मालक, मोर पुरा झाला. उसवून उसवून परत बसवला, म्हून इतकी वर्षं. एकशे बारा. पोरगी आलीय पुण्यास्नं, संध्याकाळच्या गाडीनं चाललीय. पेन ड्राइव्हमधी घालून देतोय तिला, तिच्या नव्या घराच्या पूजेला लावणार हाय. एकदा दिला की मग बदल न्हाय. तुमी दुपारी येऊन ऐकून जावा.”

बदल न्हाय, हे त्यांनी दोनदा म्हटलं की मला दोनदा ऐकू आलं, सांगता येत नाही.

गेलो. मुलगी बाजारात गेली होती. मामी उंबऱ्यात, मांडीवर सूप. केस सगळे पांढरे झाले होते, कात्री तीच. “आलात व्हय सावलीतनं?” म्हणाल्या. आत मामा लॅपटॉपपुढं, शेजारी तो कीबोर्ड, त्यावर मामींच्या जुन्या साडीचं झाकण. मी बसलोही नाही. उभ्यानंच, पोरानं पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून टाकलं. स्टूल, फरशी, अठरावी पट्टी, टेप, चिठ्ठी, ऊन.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मुकी हाय ते पयल्या संध्याकाळी कळलं,” म्हणाले. “तवा वाटलं, कंपनीतनंच तशी आली आसंल. तुमी ऊन लागतंय म्हणालात तवा कळलं, कुणी पाडलीय ते.”

“मग बोलला का नाहीत?”

“आनि? शेठनं चिठ्ठी लावली आसती. दोन हायतच की तुमच्या.”

मी म्हणालो, “पण माउसनं लावता आला असता ना तो ठिपका. एकच तर होता.”

“आला आसता. कळतंय मला.” त्यांनी माउस माझ्याकडं सरकवला. “ती जागा तुमची हाय. लावा.”

पडद्यावर अख्खा मोर होता, हिरव्या ठिपक्यांचा, पायापासून तुऱ्यापर्यंत. डोळ्याच्या जागी रिकामं घर. ठिपका दोनदा शेजारच्या घरात पडला, मामा म्हणाले, “चष्म्याचा नंबर काढा मालक.” तिसऱ्यांदा बसला. मोराला डोळा आला.

मामांनी बटण दाबलं. पाय गेले, पोट गेलं, मान वळली. मी डोळे मिटले. आता, आणि तो सूर वाजला, आणि नेमक्या त्याच क्षणी उंबऱ्यातनं आवाज आला, टक्.

“एं!” मामी ओरडल्या. “कुणी घातलं तितं?”

“मालकांनी डोळा लावलाय मोराला.”

“वद्दु!” मामी सूप घेऊन आतच आल्या. “सहा वर्षं झाली, तितं मी वाजवतीय! ह्यांचा मोर तितं आला की माझी कात्री. कवा चुकलीय का मी? इचारा ह्यांना. आता काय मधीच टिण् करून! माझी कात्री ऐकू तरी येती का?”

मामांनी पुन्हा लावलं. तो भाग तिघांनी ऐकला. टिण् आणि टक् एकमेकांवर पडून नुसती खडखड झाली. मामांनी पडद्याकडं बघितलं. मग डोकं खाजवलं.

“मालक, मोर बरोबर झालाय,” म्हणाले. “पण हिचं बी बरोबर हाय. काढा ते.”

“अहो पण पूजेला लावणार, तिथं मामींची कात्री कुठून…”

“पूजेला मी जाणार न्हवं?” मामी म्हणाल्या. “पोरीचं घर हाय.”

मी ठिपका काढला. लावायला सहा वर्षं लागली होती, काढायला काही लागलं नाही. घर पुन्हा रिकामं झालं. मामी माझ्याकडं बघत होत्या, बहुतेक माझा चेहरा बघत होत्या. मग त्यांनी सूप माझ्यापुढं धरलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

“घ्या. एकदा तुमी मारा. मी चा ठेवते.”

मामांनी पहिल्यापासून लावलं. मी कात्री उचलून धरली. पाय, पोट, मान, टिण् टिण् टुण् टुण्, आणि ती जागा आली, आणि मी बघत राहिलो. तुरा सुरू झाल्यावर कात्री काठावर पडली.

मामांनी मोर थांबवला.

“उशीर,” म्हणाले. “परत. पायापास्नं.”